पाठ ओढणारा कोट

"तुमच्या भावाला धरलंय. खून केलाय त्यानं," फोनवरचा शिपाई म्हणाला.

"कुणाचा?" ताईंनी विचारलं. "आणि कशानं?"

"कर्नलसाहेबांचा. डोक्यात इस्त्री घालून."

"स्वतःच्या इस्त्रीनं? मग त्यानं नाही केला," ताई म्हणाल्या. "त्या इस्त्रीला दुसऱ्यानं बोट लावलं तरी त्याला ताप येतो. तुमच्या साहेबांना सांगा, मी निघाले. आणि मी येईपर्यंत आणखी अकलेचे तारे तोडू नका म्हणावं."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांना स्वतःच्या चपला सापडेनात. धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेला, बायको नसलेला, मुंगीवर पाय पडला तर तिची माफी मागणारा. जन्मभर पँटी शिवल्या म्हणून त्याला त्या तोंडावर 'पँटमास्तर' म्हणायच्या. पण दुसऱ्या कुणी त्याला नावं ठेवली असती तर त्या माणसाची धडगत नव्हती.

ताई स्वतः पस्तीस वर्षं एका नाटक कंपनीत कपडेपट सांभाळत होत्या. नट आले, नट गेले, कोट राहिले. त्यामुळे त्यांचा कोटांवर जीव होता आणि कोटात शिरणाऱ्या पुरुषांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

कर्नलबद्दल तर नव्हतंच. कुठल्याही फौजेत त्यानं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. खांद्यावर पट्ट्या आणि कातडी बटणं असलेला लष्करी कोट घालून तो रोज फिरायला निघायचा, म्हणून गल्लीनं त्याला बढती दिली आणि त्यानंही ती गुपचूप खिशात घातली. नाद एकच, जुने ओव्हरकोट. येत्या रविवारी त्यातले सात निवडक कोट शहरातल्या संग्रहालयात मांडले जाणार होते. त्यांची डागडुजी करायला आठवडाभर पँटमास्तर त्याच्या घरी जात होता.

इन्स्पेक्टर तरुण होता. मिशी छान कोरलेली होती. सकाळचा बराचसा वेळ तिच्यावरच खर्च झाला असावा.

"केस सरळ आहे, बाई," तो म्हणाला. "साडेबाराला स्वयंपाकीण जेवायला बोलवायला वर गेली. कर्नल जमिनीवर पडलेले, डोकं फुटलेलं, शेजारी इस्त्री. इस्त्रीवर तुमच्या भावाचे ठसे."

"त्याच्या इस्त्रीवर त्याचे नाहीतर कुणाचे असणार? तुमचे?"

"ते राहू द्या. कर्नल तेव्हा जिवंत होते. जीव जाता जाता त्यांनी मारेकऱ्याचं नाव घेतलं. 'मास्तर' म्हणाले. एकदा नाही, दोनदा. त्या घरात मास्तर एकच."

"माझा भाऊ तेव्हा कुठं होता?"

"पावणेअकराला दोरा आणायला गेलो होतो म्हणतो. पावणेएकला पुडी घेऊन परत आला आणि दारातच आमच्या हातात सापडला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तो आठवत नाही."

"कर्नलनं सकाळी कुणाकुणाला फोन केले, ती यादी मागवलीत?"

"नाव मिळालंय, बाई. यादी कशाला?"

ताईंनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. असा माणूस साप दिसला तर भुई थोपटतो आणि भुई दिसली तर साप शोधतो. याला शिकवण्यात अर्थ नव्हता. याला वापरून घेणं बरं.

"संग्रहालयवाले कोट मागत असतील," त्या म्हणाल्या. "सातही जागेवर आहेत का, बघितलंत? की सातात कुठला काय आहे तेच तुम्हाला कळत नाही?"

इन्स्पेक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पंधरा मिनिटांत ताई कर्नलच्या माडीवर होत्या.

दालन लांब होतं, खिडक्यांना जाड पडदे. सात लाकडी धडांवर सात कोट. एका बाजूला भावाचं टेबल, त्यावर कात्र्या, खडू, दोऱ्यांचा डबा. जमिनीवर खडूनं काढलेली माणसाची आकृती. ताईंनी तिकडं एकदा बघितलं आणि मान वळवली.

खोलीत आणखी एक माणूस होता, संग्रहालयातर्फे कोट बघायला आलेला, शहरातला एकमेव ओव्हरकोटतज्ज्ञ. नाव छापून यायचं ते वेगळं, पण लोक त्याला कोटपंडित म्हणत. रविवारी संग्रहालयात त्याच्या ग्रंथाचं प्रकाशन होतं. डाव्या तर्जनीला चिकटपट्टी होती, आणि ती सांभाळत तो हातवारे करत होता.

"बोटाला काय झालं?" ताईंनी विचारलं.

"पुस्तकाचं पान लागलं. नवा कागद फार धारदार असतो."

"निदान कागद तरी धारदार आहे म्हणायचं."

इन्स्पेक्टरनं कोटांची यादी उघडली. "हे मखमली कॉलरवाले दोन. दोन्ही चेस्टरफील्ड?"

"चूक!" पंडिताचा चेहरा उजळला. लोकांची चूक दुरुस्त करताना त्याला मिळणारा आनंद जगात दुसऱ्या कशात नसावा. "मखमली कॉलर दोन्हींना, पण हा आखूड, आणि याच्या बाह्यांना व घेराला चार-चार रांगा टीप. हा कव्हर्ट. तो लांब, अंगासरसा, एकेरी बटणांचा, तो चेस्टरफील्ड."

"आणि हा? याला खांद्यावर शिवणच नाही."

"शिवण आहे. काखेतून तिरकी कॉलरपर्यंत जाते. रॅगलन."

उंटाच्या रंगाचा, बाहेरून खिसे लावलेला पोलो. टोपीचा आणि बटणांऐवजी लाकडी गुल्ल्या असलेला डफल. कर्नलचा लाडका लष्करी. पंडित बोलत होता, इन्स्पेक्टर खुणा करत होता. ताई बोलल्या नाहीत, कारण माणूस कितीही नकोसा असला तरी जे सांगत होता ते बरोबर होतं.

सातवा कोट दालनाच्या मधोमध होता. जाड लोकरीचा, दुहेरी बटणांचा, रुंद कॉलरचा. मागे कमरेवर अर्धा पट्टा आणि त्याखाली घेरापर्यंत खोल घडी.

"हा अल्स्टर," पंडित हळू आवाजात म्हणाला. "एका नामांकित प्रवाशानं सबंध बर्फाळ प्रदेश या कोटात पालथा घातला. आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी आहे, गिऱ्हाइकाचं नाव, वर्ष, सगळं. शोध माझा. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हाच आहे."

"गाडीत फतकल मारून बसता यावं म्हणून मागे घडी असते ना?" ताईंनी विचारलं.

"हो. तुम्हाला बरीच माहिती आहे की!"

"मग याची घडी उघडत का नाही? पट्ट्याखाली आडव्या सुरकुत्या पडल्यात. याची पाठ ओढतेय."

"शंभर वर्षांच्या कोटाची पाठ ओढणारच. तुमची नाही ओढत, बाई?"

"ओढते. पण मी तुमच्या मुखपृष्ठावर नाही."

पंडिताचा फोन वाजला. तो संग्रहालयवाल्यांशी बोलत जिन्याकडं गेला. जाता जाता इन्स्पेक्टरला म्हणाला, "महिनाभर मी या कोटाला बघितलंसुद्धा नव्हतं. कर्नल कपाटातून काढायचेच नाहीत. आता तरी लवकर ताब्यात द्या, साहेब."

तो दिसेनासा झाल्यावर ताईंनी अल्स्टरचा घेर उलटा केला. आत काळं, जुनं, तलम अस्तर. दोन्ही बगलांखाली त्याला तळहाताएवढ्या रुंद पट्ट्या जोडलेल्या. घेराला सगळीकडं जुनी, विटक्या दोऱ्याची शिवण, अस्तराला थोडी ढील सोडून घातलेली. पण पाठीमागे मधोमध वीतभर शिवण वेगळी होती. दोरा नवा, चकचकीत. टाके करकचून ओढलेले, ढील अजिबात नाही. शेवटच्या टाक्याशी मोहरीएवढा तपकिरी ठिपका.

"हा कोट पिशवीत घाला आणि सील करा," त्या इन्स्पेक्टरला म्हणाल्या. "माझ्यासमोर. आणि कुणाला हात लावू देऊ नका. त्या पंडितालासुद्धा."

"का?"

"कारण मी सांगतेय. तुमच्याकडं दुसरं काही कारण आहे का?"

 कोट पिशवीत गेला.

खाली स्वयंपाकीण डोळे पुसत बसली होती. कर्नलसाठी रडणारी ती एकटीच दिसत होती.

"सकाळी कोट कुणी झटकले?"

"मीच. नऊ वाजता, रोजच्यासारखे. आतून-बाहेरून ब्रश फिरवते."

"अल्स्टरच्या अस्तराला नवी शिवण होती?"

"छे! एकसारखी जुनी होती. नवी असती तर ब्रशला लागली नसती का?"

"अकरा ते साडेबारा कुणी आलं?"

"मी मागच्या बाजूला कपडे धूत होते, ताई. मशीनचा आवाज. पुढचं दार उघडंच असतं."

"आणि कर्नल काय म्हणाले? जसंच्या तसं सांग."

"'मास्तर' म्हणाले. मग दम खाऊन परत 'मास्तर' म्हणाले. दुसऱ्यांदा आवाज फुटतच नव्हता, नुसतं '…स्तर' ऐकू आलं. पण तेच असणार ना? दुसरं काय असणार?"

 ताई तशाच उठल्या आणि चौकीवर गेल्या.

भाऊ कोठडीत बाकावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"जेवलास?"

"भूक नाही, ताई. मला फाशी देतील का गं?"

"गाढवा, आधी मी विचारते त्याची उत्तरं दे. अल्स्टरबद्दल तू कर्नलला काय म्हणालास?"

"म्हटलं, साहेब, याची पाठ ओढतेय. अस्तर कमी पडतंय. बगलेखाली जोडपट्ट्या घातल्यात, तरी पाठीत पुरत नाही. कुणीतरी आखूड घातलंय."

"मग?"

"माझ्याकडं बघतच राहिले. मग टाके उसवायचं ब्लेड मागितलं. म्हणाले, 'तू जा, दोरा घेऊन ये. तोवर मी एक फोन करतो.'"

"कुणाला?"

"मला कशाला सांगतील?"

"आणि हे तू इन्स्पेक्टरला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही. ते नुसतं 'कबूल कर, कबूल कर' म्हणत होते."

"तू परत आल्यावर घेराचे टाके घातलेस?"

"मी? मला तर दारातच धरलं. दोऱ्याची पुडी पण जप्त केली."

"अंगुस्तान कुठंय तुझं?"

त्यानं खिशातून अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणूनची ती धातूची टोपी, काढून बोटात घातलं. तीस वर्षांत ते घातल्याशिवाय त्यानं सुई धरलेली नव्हती. ताईंनी गजातून हात घालून त्याच्या दहाही बोटांची टोकं तपासली. एकही जखम नव्हती.

"जेवून घे," त्या म्हणाल्या. "उद्या बाहेर येशील."

हे बोलताना त्यांची स्वतःचीच खात्री नव्हती. हातात एक ठिपका, एक वीतभर शिवण आणि एक अर्धा शब्द होता. इन्स्पेक्टर म्हणाला असता, शिवण कुणीही घातली असेल. त्याला तोंडानं बोललेलंच समजत होतं. तर मग बोलवून घ्यायला हवं होतं. आणि कोटपंडिताला कसं बोलतं करायचं, हे त्याच्याशी पाच मिनिटं बोललेल्या कुणालाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळे पुन्हा माडीवर जमले. पंडित कोट न्यायला आला होता, सोबत संग्रहालयाची गाडी. इन्स्पेक्टर सीलबंद पिशवीपाशी उभा होता. स्वयंपाकीण दाराशी.

ताईंनी पडेल चेहरा केला. नाटक कंपनीतली पस्तीस वर्षं काही अगदीच फुकट गेली नव्हती.

"साहेब, काय बोलू," त्या इन्स्पेक्टरला म्हणाल्या. "भावाशी बोलून आले. त्याच्या हातून घोटाळा झाला. त्यानं अल्स्टरचं सगळं अस्तर उसवून टाकलं, गळ्यापासून घेरापर्यंत. त्यावरूनच कर्नल चिडले असणार आणि…"

"चूक," पंडित म्हणाला. "सगळं कुठं? घेराशी, पाठीमागे, वीतभर तर उसवलं होतं. त्यानं काही बिघडत नाही. उगाच संग्रहालयवाल्यांना घाबरवू नका."

इन्स्पेक्टरनं मिशीवरचा हात खाली घेतला. एवढं त्यालाही कळलं.

"तुम्ही हे कधी बघितलंत?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे? परवा… काल. तुम्ही दाखवलंत ना."

"मी घेर उलटला तेव्हा तुम्ही जिन्यात फोनवर होतात. त्यानंतर कोट सीलमध्ये आहे. महिनाभर तुम्ही तो बघितला नव्हता. आणि काल सकाळी नऊला तो कुठंच उसवलेला नव्हता. ही बाई सांगेल. मग वीतभर उसवलेलं तुम्हाला दिसलं कधी?"

 आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच पंडिताकडं दुरुस्ती नव्हती.

"बसा, साहेब," ताई इन्स्पेक्टरला म्हणाल्या. "सावकाश सांगते, तुमच्यासाठी. अल्स्टरला पाठीत खोल घडी असते. कापड जेवढं, अस्तरही तेवढं लागतं, नाहीतर घडी उघडणार कशी? या कोटाचं अस्तर अरुंद आहे, घडीची सोयच नाही. एकेरी बटणांच्या, अंगासरशा कोटाचं ते अस्तर आहे. एखाद्या चेस्टरफील्डचं. बगलेत पट्ट्या जोडून ते इथं कोंबलंय. दुसऱ्याचं अस्तर कशाला कोंबायचं? कारण आतला खिसा अस्तराला असतो आणि शिंप्याची चिठ्ठी खिशात असते. प्रवाशाचा खरा कोट कसरीनं खाल्लेला चेस्टरफील्ड असणार. मुखपृष्ठावर शोभण्यासारखा नव्हता. म्हणून या विद्वानानं त्याचं नाव-गाव काढून एका रुबाबदार अल्स्टरला चिकटवलं आणि त्यावर ग्रंथ लिहिला."

"हे तर्क आहेत," पंडित म्हणाला, पण आवाज पातळ झाला होता.

"माझ्या भावाला यातलं काही कळलं नाही. त्याला फक्त पाठ ओढलेली दिसली, ती त्यानं सांगितली. कर्नल कितीही पोकळ असला तरी कोट ओळखत होता. त्यानं ब्लेड मागून घेतलं, भावाला बाहेर पाठवलं, यांना फोन केला, आणि वीतभर उसवून आत बघितलं. हे आले तेव्हा कोट उसवलेलाच होता. कर्नल म्हणाला असेल, प्रदर्शन रद्द करतो, सगळ्यांना सांगतो. रविवारी फुलं पडायची तिथं धोंडे पडणार, हे यांना दिसलं. टेबलावर इस्त्री होती."

"फोनची यादी…" इन्स्पेक्टर पुटपुटला.

"मागवा आता. उशिरा का होईना. यांचे ठसे इस्त्रीवर उमटले नाहीत, कारण थंडीचे दिवस, माणूस रस्त्यावरून हातमोजे घालून येतो. पण हातमोज्यात सुई धरता येत नाही. कर्नल मेला असं समजून यांनी मोजे काढले, माझ्या भावाच्या डब्यातला दोरा घेतला आणि घेर शिवला. उसवलेलं दिसलं तर लोक आत डोकावतील ना! एक माणूस डोकं फुटून जमिनीवर पडलाय आणि हा शेजारी बसून टाके घालतोय. अंगुस्तान न घालता. सुई बोटात गेली. रक्ताचा ठिपका अस्तरावर आहे आणि चिकटपट्टी बोटावर आहे. तपासून घ्या, कागदानं कापलंय की सुईनं टोचलंय. शिंपी अस्तराला ढील सोडतो, पँटमास्तर असला तरी. हे टाके करकचून ओढलेले आहेत. आंधळ्यानं घातल्यासारखे वाकडेतिकडे, एक इकडं एक तिकडं…"

"वाकडे नव्हते!" पंडित ओरडला. "घट्ट असतील. वाकडे नव्हते!"



खरं तर टाके अगदी सरळ होते. एवढं श्रेय ताईंनी मनातल्या मनात त्याला दिलं, त्याहून जास्त द्यायची त्यांची तयारी नव्हती.

इन्स्पेक्टरनं त्याचा दंड धरला. खाली नेताना पंडित त्याला सांगत होता की 'अटक' आणि 'ताब्यात घेणं' यात फरक आहे आणि तो चुकीचा शब्द वापरतोय.

"पण बाई," इन्स्पेक्टर जिन्यात थांबून म्हणाला, "कर्नल 'मास्तर' म्हणाले त्याचं काय?"

"पहिल्यांदा 'मास्तर' म्हणाला. दुसऱ्यांदा 'अस्तर'. मास्तर, अस्तर. हिच्या कानात सकाळपासून मास्तर-मास्तर होतं, म्हणून हिला तेच दोनदा ऐकू आलं. तिचा दोष नाही, ती घाबरलेली होती. तुम्ही तर घाबरलेले नव्हतात ना? माणूस फक्त बोट दाखवायलाच नाव घेतो, असं तुम्हाला कुणी शिकवलं?"

दुपारी कोठडीचं दार उघडलं. दोऱ्याची पुडी सही घेऊन परत मिळाली. भाऊ ती हातात धरून बाहेर आला आणि ताईंनी त्याला चालता चालता सगळं सांगितलं. अस्तर, घडी, चिठ्ठी, ठिपका. तो मान हलवत होता. मग मध्येच रस्त्यात उभा राहिला.

"म्हणजे ते माझं नाव सांगत नव्हते," तो म्हणाला. "मला हाक मारत होते."

ताईंनी मागं वळून बघितलं.

"दोरा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता, ताई. पण त्याचा काळा नीट नव्हता, म्हणून मी चौकापलीकडं गेलो. तासभर रंग जुळवत बसलो. ते मला बोलवत होते आणि मी रंग जुळवत होतो. लवकर आलो असतो तर…"

"तर तुझंही डोकं फुटलं असतं, मूर्खा!" ताई ओरडल्या. दोन माणसं वळून बघायला लागली. "दोन खडूच्या आकृत्या असत्या त्या खोलीत! त्या मेल्या कर्नलचं सांगतोस मला? दोन दिवस माझ्या घशाखाली घास नाही उतरला. पन्नास वर्षांचा घोडा झालास, अजून मला…"

 भर रस्त्यात, भर दुपारी त्या ढसाढसा रडायला लागल्या. भावानं पुडी खिशात कोंबली आणि त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून नेलं.